डाव चोख, पंचनामा त्याहून चोख

पोकरचा डाव सचोटीने चालवायचा तर पत्ते कुणी पिसायचे, हा प्रश्न पहिला. लोणावळ्यात मात्र त्याच्याही आधी बंगला येतो. तुंगार्ली, वलवण किंवा पवना धरणाच्या काठी शनिवार-रविवारपुरता भाड्याने मिळणारा, स्विमिंग पूल आणि ‘केअरटेकर दादा’ यांच्यासह. मंडळी पावसासाठी म्हणून घाट चढून येतात आणि पडदे लावून बसतात.

कॅट नवा हवा, सर्वांसमोर फोडलेला. बावन्न पत्ते उताणे मांडून मोजावेत, जोकर बाजूला काढावेत. मग पिसणे. कॅटचे दोन भाग करून ते एकमेकांत फरफर मिसळले तर साधारण सात वेळा पुरते, असे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. हातातल्या हातात पत्ते वरखाली सरकवण्याच्या घरगुती पद्धतीला याच्या कितीतरी पट फेऱ्या लागतात. गणपतीच्या जागरणांतून महाराष्ट्रभर रुजलेली पद्धत नेमकी हीच आहे आणि तिसऱ्या फेरीलाच “वाट रे आता!” अशी हाक येते.

पिसून झाले की उजवीकडच्याने काटायचे. तळाचा पत्ता कुणाला दिसू नये म्हणून कॅटखाली एक कोरे कार्ड असावे. टेबलावर मधले पत्ते उघडताना, पहिले तीन, मग एक, मग आणखी एक, दर वेळी वरचा एक पत्ता न पाहता बाजूला टाकायचा. त्यावर कुणी खूण केली असली तरी ती वाया जाते. डाव चालू असताना खिशात हात घालायचा नाही, टेबलावर असेल तेवढ्याच पैशांवर खेळायचे. आपल्या पत्त्यांचा निर्णय आपणच घ्यायचा. हा नियम पाळायला सर्वांत अवघड, कारण प्रत्येक बैठकीत स्वतः न खेळणारा एक मेहुणा पाठीमागे उभा असतो.

तीन पत्तीवाल्यांना हे सगळे सोपस्कार वाटतात. त्यांचा खेळ झटपट, पण त्याच्या मूळ नियमातच एक अन्याय दडलेला आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, ५२ प्रकारांनी लागते आणि एकाच रंगाची सलग पाने ४८ प्रकारांनी. तरी ट्रेलच वरचढ, म्हणजे जास्त दुर्मीळ हात हरतो. मावळात शेताच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात भांडतात, पण या बाबतीत हरकत घेतल्याचे कुणी ऐकलेले नाही.

खरी अडचण पत्ते वाटणाऱ्याची. खेळणाऱ्यानेच वाटले तर संशय येतो. म्हणून स्वतः न खेळणारा वाटणारा नेमणे उत्तम. त्याला रात्रीचा पगार द्यावा लागतो. तो प्रत्येक पॉटमधून काढलेल्या वाट्यातून, म्हणजे ‘नाल’ घेऊन दिला जातो. यजमानाच्या खिशात किती गेले हे सर्वांना कळावे म्हणून नाल उघडपणे घ्यावी आणि लिहून ठेवावी. कुणी किती रकमेचे चिप्स घेतले, किती परत केले, हेही वहीत असावे. पहाटे चारला स्मरणशक्तीवर विसंबून हिशेब करणे मैत्रीला मानवत नाही.

आता १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा उघडावा. जागा किंवा साहित्य वापरू देऊन कुणी नफा कमावला की ते घर ‘सार्वजनिक जुगारगृह’ ठरते. त्यामुळे नाल आली की अड्डा झाला. जुगाराच्या साधनांत पत्ते तर येतातच, जुगाराची नोंद ठेवणारा कागदही येतो. सातव्या कलमानुसार रीतसर छाप्यात अशी साधने सापडली तर तिथे जुगार चालतो, असे उलट सिद्ध होईपर्यंत धरले जाते. अधिकाऱ्याने खेळ डोळ्यांनी पाहिलेला नसला तरी. सबब लबाडांच्या बैठकीत फक्त पत्ते सापडतात. सचोटीच्या बैठकीत चिप्स, वही, नालेचा हिशेब आणि पगारी साक्षीदार असा परिपूर्ण पुरावा मिळतो.

याच कायद्यात पावसावर पैज लावणेही जुगार आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या गावात हे कलम फारच जाचक ठरले असते. पण जुलैत लोणावळ्यात ‘आज पडणार नाही’ या बाजूने पैसे लावणारा मिळत नाही.

सुटकेची वाट तेराव्या कलमात आहे: निव्वळ कौशल्याचे खेळ या कायद्याबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी प्रामुख्याने कौशल्याची ठरवली आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला शुद्ध नशीब म्हटले. पोकरबाबत देशाचे एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तो जुगारातून वगळला, तर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तो नशिबाचा खेळ ठरवला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये चक्क कॅसिनो कायदा मंजूर केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे ‘ब्लाइंड’ खेळून सरकारने पत्ते न पाहताच पॅक केले. मोबाइलवर खेळावे म्हटले तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ कौशल्य-नशीब असा भेद न करता बंद केले. म्हणजे पुन्हा बंगला.

छापा पडल्यानंतरची पद्धत मात्र कोणत्याही क्लबने हेवा करावा अशी असते. दोन पंच येतात. पत्ते पुन्हा मोजले जातात, रोकड कुणासमोर किती होती ते नावानिशी लिहिले जाते, सील लागते, सह्या होतात. मध्येच थांबलेल्या डावातला पॉट कुणाचा, हा वाद इथे उद्भवत नाही. तो मुद्देमालात जमा होतो आणि पुढची चाल वडगाव मावळच्या न्यायालयात होते. हातात तीन एक्के असलेल्याने अशा वेळी शो मागू नये.