अर्धा हॉर्सपॉवर

आमच्या घराला तळघर आहे असं मी मुंबईच्या पाहुण्यांना सांगतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भुयार, मोहरांचे हंडे, एखादी पोर्तुगीज अमलातली तलवार वगैरे तरळू लागते आणि मी ती तरळू देतो. खरी गोष्ट इतकीच की, गोव्यात सर्वणला डोंगराच्या उतरणीवर घर बांधताना वडिलांनी चिरे विकत न आणता त्याच जागेतून काढले. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ, हत्याराने कापता येण्याजोगा, आणि वारा लागला की घट्ट होत जातो. त्यामुळे वर भिंती उभ्या राहिल्या आणि खाली खड्डा राहिला. खड्डा बुजवायला माती हवी, मातीला पैसे हवेत. वडिलांनी त्यावर तक्तपोशी टाकली आणि खड्ड्याला ‘खालची खोली’ म्हणायला सुरुवात केली.

या खोलीत आमचं पुरुमेंत असतं. उकड्या तांदळाची पोती, सोलां, आंबोशी, चिंचेचे गोळे, खाऱ्या बांगड्यांचा डबा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली मिरची, असा पावसाळाभराचा संसार फळ्यांच्या माचावर मांडलेला. वडिलांच्या काळात खाली थोडी ओल यायची आणि जायची, त्याबद्दल कुणी बोलत नसे. मग मी निवृत्त झालो. निवृत्त हेडक्लार्कला घरात करण्यासारखं फारसं काही नसतं आणि करू नये असं पुष्कळ असतं. मी दुसऱ्या यादीपासून सुरुवात केली. खोलीच्या खालच्या अंगाच्या भिंतीत, उंबऱ्याशेजारी जमिनीलगत एक मोरी होती. तिच्यातून उंदीर येत, एकदा तर धामण येऊन तांदळाच्या पोत्यावर विसावली होती. ती मोरी मी थंडीच्या दिवसांत सिमेंटने बुजवली आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीखही कोरली. पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून.

माझा भाचा कॅनडात, ओंटारियोत असतो. तिथे हिवाळ्यात जमीनच गोठते, म्हणून घराचा पाया चार फूट तरी खाली न्यावा लागतो आणि एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून घरोघरी तळघर करतात. मार्च-एप्रिलात बर्फ वितळतं, पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते, पाणी मुरायला जागा नसते, ते सरळ घराच्या भिंतीशी येऊन उभं राहतं. त्यासाठी तळघराच्या जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात पंप, पंपाला तरंगता गोळा; पाणी चढलं की गोळा चढतो, गोळा चढला की पंप आपोआप सुरू. हे सगळं त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि मी वही काढून उतरवून घेतलं. बायकोने पाठीमागून विचारलं, “आपल्याकडे बर्फ कुठे पडतं?” मी म्हटलं, “पाणी ते पाणी!” शिवाय साखळीला वाळवंटी नदी चढली की बाजारातलं पाणी पंपाने उपसतात हे साऱ्या डिचोली तालुक्याला ठाऊक आहे. बाजारपेठेला जे मानवतं ते माझ्या आंबोशीला का मानवू नये?

मान्सून केरळात १ जूनला आणि गोव्यात ५ जूनच्या सुमारास, हा वेधशाळेचा हिशेब मला पाठ, म्हणून सगळी कामं मी मेच्या अखेरच्या आठवड्यात लावली: आधी भिंतींना पाणी अडवणारा रंग, मग दारात रेतीची पोती, मग पंप. ते साल २०२५. त्या साली मान्सून २४ मेला केरळात आणि २५ मेला गोव्यात. त्याआधीही वळीव झोडपून गेला होता, पण वळीव माझ्या वेळापत्रकात नव्हता. मिरगाला अजून अवकाश आहे अशा समजुतीत मी तेव्हा रंगाचा डबा उघडत होतो.

तरीही रंग लावला. दुकानदाराने ‘भिंत कोरडी करून लावा’ असं बजावलं होतं, म्हणून मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन खाली बसलो आणि हातभर भिंत वाळेपर्यंत शेजारची हातभर पुन्हा ओलावत होती, तरी हटलो नाही; दोन हात दिले, मागे सरकून कौतुकाने पाहिलं आणि आठवडाभरात भिंतीमागच्या पाण्याने त्या रंगाला आतून असं काही रेटलं की भिंतभर पापडासारखे फुगे आले. बायकोने एकावर बोट टेकवलं. फुगा फुटला आणि तिच्या तोंडावर पिचकारी उडाली.

जून सरला आणि जमिनीला उपळ फुटली. पाणी बाहेरून दारातून येईल म्हणून मी उंबऱ्यावर पोत्यांची भिंत रचून पहारा देत होतो, आणि ते पायाखालून, फरशीच्या सांध्यांतून, अगदी घरचंच असल्यासारखं वर आलं. पोत्यांचा उपयोग झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आतलं पाणी त्यांनी उत्तम अडवून धरलं.

आता पंप! पहिल्याच गडगडाटाला वीज गेली, तेव्हा बॅटरी आणली. बॅटरी चार्ज व्हायला वीज लागते हे समजल्यावर विजेची वाट पाहिली. वीज आली, गोळा तरंगला, पंप घुरघुरला आणि पाईपमधून धो धो पाणी घराच्या वरच्या अंगाला, माडाच्या आळ्यात पडू लागलं. पाणी वाया घालवू नये हे लहानपणापासूनचे संस्कार. मी खुर्ची टाकून बसलो. पंप दिवसभर चालला, रात्रभर चालला आणि खोलीतलं पाणी बोटभरही हललं नाही. शेवटी बायकोने मला न विचारता मेस्ताला बोलावलं.

मेस्त आला, पाण्यात उतरला, पाईपचा माग काढत वर गेला आणि परत आला. “काका, हें उदक तुमी खंय सोडटात?”

“वयर, माडाक.”

“आनी माडाकडल्यान तें खंय वता?”

एवढी वर्षं फायलींचा प्रवास पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा होता. जांभा म्हणजे नुसती भोकं. वरचं पाणी त्यातून झिरपत उतरतं, खाली चिकणमाती लागली की तिथे अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं निघतं. वाटेत माझी खोली. म्हणजे मी तेच पाणी वर चढवत होतो, ते गाळून-निवळून पुन्हा खाली येत होतं, आणि या कामाचं वीजबिल मी भरत होतो. मग मेस्ताने अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखवलं. जुलैत तिच्यात वाकून तांब्या बुडवता येतो, आणि आमच्या खोलीची जमीन त्या पाण्याच्या बरीच खाली. मी जिला खोली समजत होतो ती आमची दुसरी विहीर होती. फक्त तिला दार होतं.

मेस्ताने पाण्यात हात घालून भिंत चाचपली, सिमेंटचा गोळा सापडला, त्यावरची तारीख त्याने बोटांनीच मोठ्याने वाचली आणि पहारीचा एक घाव घातला. चहाला आधण येईपर्यंत खोली रिकामी. बांगड्यांचा डबा तेवढा तरंगत मोरीपर्यंत गेला आणि तिथे अडकला.

भाच्याला हे कळवलं तर तो म्हणाला, “मामा, तुमच्याकडे उतार होता? मग पंप कशाला घेतलात? आमचं घर सपाटीवर, तळघराच्या खाली पाणी सोडायला जागाच नाही, म्हणून आम्ही ते वर चढवतो.” साखळीचंही तेच, नदी चढली की बाजार तिच्याखाली जातो, तिथलं पाणी आपणहून जाणार कुठे? पंप लागतो तो ज्याच्याकडे उतार नाही त्याला. आमच्याकडे उतारच उतार, नुसतं भोक उघडं ठेवायचं होतं. धामणीलासुद्धा ते माहीत होतं.

मोरीला आता जाळी बसवली आहे. ती बायकोने सुचवली, मेस्ताने लावली, मला लांब बसवलं होतं. पंप विकायचा आहे. अर्धा हॉर्सपॉवर, सोबत बॅटरी, पाईप आणि रेतीची पोती फुकट. कुणाला हवा असल्यास सर्वणला येऊन विचारावं. एकच पाणी पुन्हा पुन्हा उपसण्याचा दांडगा अनुभव आहे.