सवारीचा घाऊक भाव

रायपुरात तात्यापाऱ्यापासून तेलीबांध्यापर्यंत लाल 'एल' लावलेल्या स्कूट्या धावतात. 'एल' चिकटवला की कायदा पाळून झाला, अशी आपली समजूत. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम भलता कडक आहे. लर्निंग लायसन्सवर दुचाकी चालवताना मागे कोणालाही बसवायचं नाही. अपवाद फक्त शिकवणाऱ्याचा. त्याचं लायसन्स पक्कं हवं, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. आता मागच्या सीटवरून स्कूटी थांबवायचं साधन आपल्या घरांत एकच: काकांचा आवाज. "अगं ब्रेक, ब्रेक!" जयस्तंभ चौकात तो चारी बाजूंना ऐकू जातो आणि भलतेच लोक थांबतात.

नातीने आजीला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात सोडायचं म्हटलं, तर आधी आजीने लायसन्स काढावं.

नातीचं लायसन्स पक्कं झालं की मागे एक माणूस बसवता येतो. दुसरा बसवला तर हजार रुपये दंड, वर तीन महिने लायसन्स बाद. हा भाव २०१९ च्या दुरुस्तीतला, कलम १९४-क. त्याच दुरुस्तीत दोन कलमं मागे गेलात तर परवान्यापेक्षा जास्त प्रवासी कोंबणाऱ्या गाड्यांचा दर सापडतो: डोई दोनशे. घाऊक मालाला सूट असतेच. शिवाय जादा सवाऱ्या उतरवून त्यांची दुसरी सोय लागेपर्यंत गाडी हलवायची नाही, अशी प्रेमळ अटही आहे. दुसरी सोय कोणती? मागून येणारी पिकअप.

पिकअप ही मालाची गाडी. माणसं नेण्याचा परवानाच नाही, तेव्हा जादा किती झाली हे मोजणार कोण? लग्नाची चौथिया, बाळाची छठी, तेंदूपत्त्याची तोडणी, सगळं तिच्याच हौद्यात. २० मे २०२४ ला कबीरधाम जिल्ह्यात बाहपानीजवळ तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. १९ जण गेले, बहुतेक बाया. पुढच्याच मे महिन्यात, ११ तारखेच्या रात्री, रायपूर जिल्ह्यातच सारागावजवळ छठीहून परतणारी मालवाहू गाडी ट्रेलरला धडकली. १३ जण गेले. इथे विनोद सुचत नाही.

त्या हौद्यात कोणी हौसेने चढत नाही. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा स्टँडवर एसटी शोधतो. छत्तीसगडात तसं राज्याचं बस महामंडळ नाही. खाजगी बस जिथे नफा तिथे जाते, आणि बाहपानीच्या वाटेवर नफा नाही. परिवहन खात्याला विनंती एवढीच: स्कूटीवरच्या तिसऱ्या माणसाचं चलन जरूर फाडा, पण तोडणीच्या दिवसांत त्या गावांना सकाळ-संध्याकाळ एक बस द्या.