सोबत लाडू 5

अण्णांची दिवाळी त्रिपुरी पौर्णिमेला असते. बाकीची सोसायटी तोवर फराळ संपवून, पणत्या धुऊन, माळ्यावर टाकून मोकळी झालेली असते. कंदिलाच्या झिरमिळ्या वाऱ्याने निम्म्या नेलेल्या असतात. आणि अशा एखाद्या संध्याकाळी बेल वाजते. दारात अण्णा. दोन्ही तळहातांवर, नैवेद्याचं ताट न्यावं तशी, कागदाची एक चौकोनी डबी. "उशीर झाला" वगैरे ते म्हणत नाहीत. "खालून धर," म्हणतात.

पुण्यात दर दोन इमारतींआड असा एक माणूस असतोच. कुणी गच्चीत बोन्साय करतो, कुणी बंद पडलेली घड्याळं उघडून बसतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वाट्याला डब्या आणि भेटकार्डं करणारा आला. तक्रार नाही. घड्याळवाल्याच्या शेजाऱ्यांना निदान वेळ तरी कळते का, याची मला शंका आहे.

अण्णा एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभी नोकरी पुलांचे, नाल्यांचे आणि कधीच न झालेल्या रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी नातीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदी डबी करून न्यायची होती. ती अण्णांनी करून दिली. बाईंनी दहापैकी सहा गुण दिले आणि शेरा मारला, 'पालकांची मदत जाणवते.' घरच्यांना शेरा झोंबला. अण्णांना झोंबले ते चार गुण. "कुठे कापले ते लिहायला नको? झाकण सैल होतं का?" नात आता इंजिनिअरिंगला आहे. अण्णा अजून ते चार गुण मिळवताहेत.

कागद आणायला ते मला बरोबर नेतात, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि मागच्या सीटवर कागद आडवा झोपू शकतो. कागद गुंडाळलेला अण्णांना चालत नाही. "एकदा गुंडाळला की त्याला सवय लागते, माणसासारखं आहे ते." शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, तिथे आमची वारी असते. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून 1940 साली उभी राहिलेली ही संस्था. कापडाच्या सुती कतरणीचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं आणि मग घोटायचं. झाड तोडायचं काम नाही. म्हणजे एखाद्याचा जुना बनियन पुढे-मागे दुसऱ्याच्या घरी शुभेच्छापत्र होऊन जाऊ शकतो. हे मी एकदा बोललो तेव्हा अण्णा हसले नाहीत. "कतरण नवी असते," एवढंच म्हणाले.

तिथे गेलं की अण्णा आधी कागद ऐकतात. एक कोपरा धरून ताव हलवायचा. खडखडीत वाजला तर तो 'बोलतो', फडफडला तर 'नुसता कुरकुरतो'. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वजन सांगतात, "दोनशेचा आहे." म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅम. बहुतेक वेळा बरोबर येतं, आणि नाही आलं तर चूक काट्याची असते. तयार डब्या, डायऱ्या, दिव्याच्या शेड्स मांडलेल्या असतात त्या कपाटाकडे मात्र ते पाठ करून उभे राहतात. पोहायला शिकवणारा मास्तर समुद्राकडे बघत नाही, तसं काहीसं असावं.

परतताना गाडीत इतिहास असतो. पुण्यात कागद काही गांधीजींमुळे आला नाही, कसब्यात कागदीपुरा आहे, तिथे कागदी राहायचे, आपल्या पेशव्यांच्या दप्तराला कागद लागायचा तो काय विलायतेहून यायचा का, जुन्नरी कागद म्हणजे काय चीज होती. डेक्कनच्या सिग्नलला गाडी थांबली की हे प्रकरण विशेष रंगतं. आणि डेक्कनचा सिग्नल थांबवायला कधी कमी करत नाही.

बाकीचा माल शहरातून. मार्बल पेपर आणि रंगीत पुठ्ठा अप्पा बळवंत चौकातून, लेस, टिकल्या आणि जरीची दोरी रविवारात बोहरी आळीतून. टिकल्या आणतात, पण वापरत नाहीत. "पाहुण्यांपुढे ठेवायला असाव्यात." चिकटवायला मात्र बाजारचं काही नाही. मैद्याची खळ घरीच शिजवतात. बाइंडिंगवाले तीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. अण्णा घालत नाहीत, कारण डबी खाण्याच्या जिनसांची आहे. त्यामुळे त्यांच्या जुन्या डब्यांना बारीक भोकं पडलेली दिसतात. ती ते तक्रार म्हणून नव्हे, शुद्धतेचा दाखला म्हणून दाखवतात.

आता उशिराचं कारण. लोकांना वाटतं आळस. तसं नाही. हातकागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, हवा कोरडी झाली की आकसतो. गणपतीत कापलेली डबी आणि दिवाळीत कापलेलं झाकण यांचं लग्न लागत नाही. म्हणून परतीचा पाऊस गेल्याशिवाय अण्णा कागदाला सुरी लावत नाहीत, आणि परतीचा पाऊस हल्ली जातो कुठे? वसुबारसेला गॅलरीत दोरीवर कागदाची एक पट्टी टांगलेली असते. रोज सकाळी अण्णा ती स्टीलच्या फूटपट्टीने मोजतात. माई म्हणतात, "कपडे वाळत नाहीत हे मला न मोजता कळतं."

या माई म्हणजे डबीच्या आतली बाजू. त्यांचे बेसनाचे लाडू ही वस्तुतः खरी भेट, पण अण्णांच्या दृष्टीने लाडू म्हणजे डबी रिकामी जाऊ नये म्हणून भरायचा ऐवज. पूर्वी डबीत चार लाडू असायचे, दोन गुणिले दोन, सरळ हिशोब. मग माईंच्या बहिणीने म्हटलं, चार कसले देता, पाच तरी द्या. झालं. अण्णांनी लाडवाचा व्यास 48 मिलीमीटर धरला. चार लाडू तळाला, पाचवा त्यांच्या मधल्या खळगीत वर. तो पाचवा किती वर येतो, याचा त्यांनी तीन दिवस हिशोब केला आणि उत्तर आलं 34 मिलीमीटर. उत्तरात दोनाचं वर्गमूळ निघालं याचा त्यांना इतका आनंद झाला की रात्री साडेनऊला त्यांनी मला फोन केला. "अरे, जे गणित ए-फोर कागदाच्या लांबी-रुंदीत आहे, तेच लाडवात आहे!" मी म्हटलं, "वा." ते म्हणाले, "वा काय, डबीची उंची 82 झाली."

एवढ्यावर थांबते तर ते अण्णा कसले. त्यांनी पुठ्ठ्याचं एक कडं करून माईंना नेऊन दिलं. आतला व्यास बरोबर 48. प्रत्येक लाडू त्यातून जायला हवा, पण सहज जाता कामा नये. माईंनी कडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि विचारलं, "लाडवाचं माप डबीला, की डबीचं माप लाडवाला?" अण्णांना हा प्रश्न तांत्रिक वाटला. ते उत्तर द्यायला लागले. त्या वर्षी 41 डब्या होत्या, म्हणजे 205 लाडू. एकही कड्यातून गेला नाही. माईंनी सगळे मुद्दाम पन्नासचे वळले होते. अण्णांनी 41 डब्या नव्याने केल्या आणि आम्हाला लाडू कार्तिक वद्य एकादशीनंतर मिळाले. उपास करणारा माणूस मी नाही, पण त्या वर्षी घडला.

त्यांची खरी परीक्षा झाकणाची. कुणी डबी करून आणली की अण्णा झाकण लावतात, नुसतं झाकण धरून डबी उचलतात आणि गप्प उभे राहतात. झाकणासकट डबी वर आली पाहिजे. घट्ट अडकून बसली तर नापास, धपकन खाली पडली तर नापास. ती आपल्या वजनाने हळूहळू, कडेने हवा आत घेत, देवळातल्या म्हाताऱ्या बाईसारखी सावकाश खाली बसली पाहिजे. अण्णांची डबी तशी बसते. हवा आत शिरताना बारीक 'हूं' असा आवाज येतो, तो मी स्वतः ऐकला आहे. झाकण डबीपेक्षा दोन्ही बाजू मिळून दीड मिलीमीटर मोठं हवं. एकला ते रुसतं आणि दोनला सैलावतं.

सोसायटीतल्या मुलांसाठी त्यांनी एकदा दिवाळीच्या सुट्टीत वर्ग घेतला. पहिल्या दिवशी दीड तास रेघ कशी मारायची ते शिकवलं. रेघ म्हणजे पेन्सिलीची नव्हे, घडीची. कागद दुमडण्याआधी संपलेल्या रिफिलच्या टोकाने दाबून रेघ ओढायची, म्हणजे घडी तिच्यावरच पडते. दुसऱ्या दिवशी आठांपैकी तीन मुलं आली. तिसऱ्या दिवशी एकच आला, तोही मोबाइलवर बघून चार मिनिटांत केलेली जपानी पद्धतीची डबी घेऊन. ना कात्री, ना खळ. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी कागदातून सात सेंटिमीटरची डबी. अण्णांनी ती घेतली, फिरवून पाहिली, झाकण धरून उचलली. डबी 'हूं' करत खाली बसली. त्यानंतर चार दिवस अण्णा खाली दिसले नाहीत. पाचव्या दिवशी मुलाच्या घरी एक चिठ्ठी गेली: 'तुझी डबी उत्तम. उंची कमी. लाडू मावणार नाही.'

चिठ्ठीवरून कार्डाचं आठवलं. डबीबरोबर कार्ड असतं. कागदाची मोकळी, झुरमुळलेली कड तशीच राखलेली, वर आपट्याचं किंवा पिंपळाचं खरं पान दाबून बसवलेलं. बाहेरून इतकं देखणं की हातात घेतल्यावर मनात येतं, आत नक्की चार ओळी हृदयाला हात घालणाऱ्या असणार. आत, ड्राफ्ट्समनच्या खड्या अक्षरात, दरवर्षी एवढंच असतं:

'शुभ दीपावली. सोबत लाडू 5.'

खाली उजव्या कोपऱ्यात '17/41'.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, आणखी दोन शब्द..." त्यावर त्यांनी मला हेन्री कोल सांगितला. लंडनच्या या गृहस्थाला नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता, म्हणून 1843 साली त्याने चित्रकाराकडून एक चित्र काढून घेऊन हजार कार्डं छापली. वरच्या प्रती एका शिलिंगला एक अशा विकल्या. "म्हणजे बघ, नाताळचं भेटकार्ड निघालं तेच मुळी लिहायचं टाळायला. मी निदान आकडा खरा लिहितो." याला काय बोलणार?

डबी परत करायची असते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण महिनाभरात डबी गेली नाही तर अण्णा जिन्यात भेटून हवापाण्याचं विचारतात. त्याच डबीत पुढे संक्रांतीचा तिळगूळ यायचा असतो. आता आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्यात चिवडा घालून दिला. हातकागदावर तेलाचा डाग पडला की तो माणूस ओळखल्यासारखा पसरत जातो. अण्णांनी डबी उजेडासमोर धरली आणि नुसतेच बघत राहिले. काकूंना वाटलं, नजर कमजोर झाली असावी. तेव्हापासून आम्ही शहाण्या घरांनी एक सुपारी ठेवून डबी परत करायची रीत पाडली आहे. अण्णांकडे आता सुपाऱ्यांची एक बरणी आहे. माई त्या देवकार्याला पुरवतात.

एक दिवाळी मात्र या हिशोबात बसत नाही. माझे वडील गेले ते वर्ष. आमच्याकडे सण नव्हता, कंदील नव्हता, स्वयंपाकघरात कढई चढली नव्हती. त्या वर्षी पाऊसही ऑक्टोबर संपत आला तरी होता. वसुबारसेच्या संध्याकाळी, म्हणजे दिवाळीच्या पहिल्याच दिवशी, बेल वाजली. दारात अण्णा. डबी पांढरी, न रंगवलेली, पान नाही, दोरी नाही. "खालून धर," म्हणाले आणि गेले. कार्ड होतं, आत कोरं. कोपऱ्यात '1/41'. झाकण थोडं सैल होतं. बाहेर ओलावा असताना, पट्टी न मोजता कापलेलं. लाडू मोजले. सहा होते. सहावा कसा बसवला, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षीपासून पुन्हा त्रिपुरी पौर्णिमा, पुन्हा पाच.

यंदा संक्रांत झाली, हळदीकुंकवाची वाणं वाटून झाली, हलव्याचे दागिने काढून ठेवले गेले. आमची डबी अण्णांकडे नोव्हेंबरातच परत गेली आहे, सुपारीसकट. तिळगूळ अजून आलेला नाही. रथसप्तमी बुधवारी आहे.