सरकारी दौत-कागद मिळविण्याची शास्त्रोक्त रीत

ज्या इसमास सरकारी कचेरीत नव्यानेच कारकुनी प्राप्त झाली आहे, आणि कागद हा लिहिण्यासाठी असतो असा ज्याचा अद्याप भोळा समज आहे, त्याच्या हितार्थ पुढील नियम सिद्ध केले आहेत.

प्रथम मागणीपत्र. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम हे कोष्टक मुखोद्गत असावे. मात्र गरज दोन रिमांची असेल तर मागणी पाच रिमांची नोंदवावी, कारण त्यातले एक रीम अव्वल कारकून रिवाज म्हणून कापतो, दुसरे शिरस्तेदार आपले अस्तित्व जाणवावे म्हणून कापतो, आणि तिसरे वरिष्ठ कचेरी काटकसरीचे परिपत्रक सोबत जोडून कापते. जो प्रामाणिक मनुष्य दोनच रिमे मागतो, त्याच्याकडे गतवर्षीच्या शिलकेचा खुलासा मागविला जातो, आणि तोही तीन प्रतींत.

टाचणी मागू नये. शेजारच्या टेबलावरील नस्तीतून काढावी.

कार्बन कागदाची काळी बाजू खाली ठेवावी, आणि चारसहा पत्रांनंतर कागद उलट्या टोकाने लावावा, म्हणजे झिजलेल्या ओळींच्या जागी ताज्या ओळी येतात. हे मात्र थट्टेने सांगत नाही. खरोखर करून पाहावे.

लखोट्यांच्या बाबतीत एका तालुका कचेरीतील वृद्ध अव्वल कारकुनाचा दाखला देणे प्राप्त आहे. आलेला प्रत्येक लखोटा हा गृहस्थ पट्टीच्या कडेने हलकेच उकली, आतली बाजू बाहेर काढून खळीने पुन्हा चिकटवी, आणि पुडक्यांवरची सुतळी गाठ न कापता सोडवून खणात गुंडाळून ठेवी. सरकारचा पैसा आपल्या घरचाच आहे असे मानणारा तेवढा एकच माणूस आम्ही पाहिला. पुढे वरून हुकूम आला, की लखोट्यांच्या काटकसरीचा मासिक तक्ता विहित नमुन्यात चार प्रतींसह पाठवावा. आणि महिनाभर वाचविलेला कागद त्या तक्त्यांतच निकालात निघू लागला. म्हाताऱ्याने तक्ते लिहिले, तेही पाठकोऱ्या कागदांवर. ते परत आले.

फाल्गुन-चैत्राच्या संधीस, म्हणजे 31 मार्चच्या आसपास, हे सर्व नियम तहकूब समजावेत. वर्षभर एका टाकासाठी ज्याने तुम्हांस तिष्ठत ठेविले, तोच अधिकारी आता अनुदान अखर्चित राहून परत जाईल या भयाने शिक्क्याच्या शाईच्या इतक्या बाटल्या खरेदी करतो, की त्या वाळून दगड होईपर्यंत दोन बदल्या होऊन जातात. या आठवड्यात जे मागाल ते मिळते. फक्त नको असलेलेच मिळते.

अभिलेखांविषयी थोडेसे. अँडरसनसाहेबाच्या सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत ‘ड’ वर्गाच्या कागदांना वर्षभराचे आयुष्य दिलेले आहे. पत्रे नियमानुसार नष्ट होतात. पण ती लिहिण्यासाठी कागद मागविला, त्या मागणीची नस्ती लेखापरीक्षक विचारील या धास्तीने कोणी जाळीत नाही.

शेवटी रद्दीचा लिलाव पुकारावा आणि आलेली रक्कम चलनाने कोषागारात भरावी. चलनाचे छापील नमुने संपले असल्यास नवे मागणीपत्र करावे.