पिटकर

बोम्मसंद्र्यात ‘क्वालिटीला’ असलेला मराठी मुलगा लांबून ओळखू येतो. बंगळूरच्या होसूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग होतात, औषधं होतात, यंत्रं होतात आणि नारायण हृदयालयात बिघडलेली हृदयंही दुरुस्त होतात. सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगावाकडून आलेला आमचा हा मुलगा आठवडाभर हातात मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधत असतो. एक शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला की माल परत. स्वभाव अर्थातच शांत, किंचित कुरकुरा आणि डबा वेळेवर खाण्याकडे कल.

यातल्याच एखाद्याला शनिवारी दुपारी बघावं. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर बँडचं नाव अशा काटेरी लिपीत की ते वाचता येणं हीच त्या पंथाची प्रवेशपरीक्षा असावी. पाठीवर काळी, जड सॅक. ‘ट्रेकला का रे?’ असं विचारलं तर चेहरा पडतो. ‘नाही काका, शूट आहे.’ हा पिटकर.

पिट म्हणजे मंच आणि गर्दी अडवणारा कठडा यांच्यामधली चार-सहा फुटांची बोळकंडी. समोर माणसाहून उंच स्पीकर, मागे घामाघूम झालेला जमाव, पायांत केबली आणि अधूनमधून गर्दीच्या डोक्यांवरून तरंगत येऊन मानेवर कोसळणारा एखादा सॉफ्टवेअर इंजिनिअर. या बोळकंडीचा जो रहिवासी तो पिटकर. हे आडनाव मी ठेवलेलं. त्याला स्वतःला कॉन्सर्ट फोटोग्राफर म्हणवून घ्यायला आवडतं, आणि त्याच्या आईला ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगायला.

पिटकरांत ज्येष्ठता वयावरून ठरत नाही, ‘कुणाला होतास’ यावरून ठरते. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले आणि हे शहर देशभरच्या मेटलवाल्यांची पंढरी झालं. ३० ऑक्टोबर २०११ रोजी त्याच मैदानावर मेटॅलिका आले. त्याच्या दोन दिवस आधीचा त्यांचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकलून मग रद्दच झाला होता आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली होती. बंगळुरात मात्र सगळं सुरळीत पार पडलं, हे सांगताना निपाणीचा पिटकरसुद्धा पिढीजात बंगळूरकर होतो. पुण्यात एके काळी बालगंधर्वांना ऐकलं नाही असा म्हातारा भेटत नसे. तसा मेटॅलिकाला मी पिटमध्ये नव्हतो असं म्हणणारा फोटोग्राफर बंगळुरात भेटत नाही. हे सगळे खरोखर त्या बोळकंडीत असते तर मेटॅलिकाला खाली उभं करून यांनाच मंचावर घ्यावं लागलं असतं. जरा खोदून विचारलं की कळतं, साहेब तेव्हा बारावीत होते, मैदानाच्या पार मागच्या टोकाला, हातात मामाचा डिजिटल कॅमेरा, आणि फोटोत पुढच्या माणसाचं मानगूट.

या सगळ्यांना गप्प करणारा एक मुंबईकर पिटकर कधीतरी उगवतो. केस पांढरे, पण मागे बांधलेले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, तिथपासूनचे त्याचे किस्से. तेव्हा ४०० च्या ट्राय-एक्स रोलला १६०० समजून वापरायचं आणि मग डेव्हलपरमध्ये जादा वेळ बुडवून ठेवायचं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. ‘छत्तीसच! म्हणजे बटण दाबण्याआधी विचार करावा लागायचा,’ असं म्हणून तो तरुण पिटकरांच्या कॅमेऱ्याकडे बघतो. त्यांनी तेवढ्या वेळात एका बासवाल्याचे शंभर काढलेले असतात. तेही चुकून, नेम गिटारवाल्यावर होता.

आता या जमातीचं मुख्य दुःख. जगभर मोठ्या कार्यक्रमांत एक नियम आहे: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. तीन गाणी संपली की बाउन्सर येतो आणि पिटकरांना रांगेने बाहेर काढतो. कितीही केविलवाण्या स्वरात ‘अण्णा, स्वल्प अड्जस्ट माडी’ म्हटलं तरी ज्या तीन शब्दांवर सगळं बंगळूर चालतं ते तिथे चालत नाहीत. बरं, पहिल्या तीन गाण्यांत होतं काय? गायकाचे केस अजून कोरडे असतात. आगीचे लोळ, उडणारे कागद, मोडायची गिटार, गर्दीत घ्यायची उडी, सगळं शेवटासाठी राखलेलं. पंगतीत मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली की माणसाला उठवावं, तसं हे आहे. जिलबीचा दरवळ पिटकरला बाहेरच्या पार्किंगमध्ये येतो. तिथे उभा राहून तो बाकीचा कार्यक्रम भिंतीआडून ऐकतो आणि कुठल्या क्षणाला आपण कुठे उभे राहिलो असतो ते शेजारच्या पिटकरला सांगतो. शेजारचाही तेच सांगत असतो.

बरं, त्या तीन गाण्यांत तरी संगीत कानावर पडतं का? नाही. म्हणजे पडतं, पण हा ते ऐकत नाही, मोजतो. आपल्याकडच्या मैफलीत फोटो काढणाऱ्याला गवई तासन्‌तास एका जागी मिळतो. सवाई गंधर्व महोत्सवात ख्याल रंगेपर्यंत फोटोग्राफरला जागा बदलून, चहा पिऊन परत येता येतं. इथे चार माणसं चार दिशांना पळतात आणि प्रत्येकाचं तोंड केसांनी झाकलेलं. त्यावर पिटकराने जो तोडगा काढला आहे तो मला फार आवडतो. मान हलवण्यालाही ताल असतो. समेवर मान खाली जाते, केस पुढे पडतात, चेहरा गायब. कालाला मान वर येते, केस हवेत पसरतात आणि वरच्या टोकाला पोचून क्षणभर थबकतात. फोटो त्या कालाचा. १/२५० सेकंद. सगळं मैदान समेला दाद देत असतं आणि हा एकटा कालाची वाट बघत असतो.

प्रकाशाबद्दल त्याच्यापाशी बोलू नये. बोललात तर बसायची तयारी ठेवावी. मेटलवाल्यांना लाल रंग प्रिय आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरला तोच पचत नाही. लाल तेवढा भरून वाहतो आणि नाक, गाल, कपाळ यांचा एकच सपाट लगदा होतो. मग घरी येऊन तो फोटो कृष्णधवल करायचा. मेटलचे इतके गंभीर, काळेपांढरे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांतल्या निम्म्यांमागे कलादृष्टी नसून लाल दिवा आहे. धूर सोडणारं यंत्र तर नेमकं याच्या आवडत्या गाण्याला सुरू होतं. गायक माईक तोंडात घातल्यासारखा धरतो, त्यामुळे हनुवटीचा फोटो मिळत नाही. ड्रमवाला झांजांच्या आड, दिव्यांच्या मागे, धुराच्या खाली. आणि कार्यक्रम संपल्यावर ‘आमच्या मुलाचा एखादा चांगला आला असेल ना?’ असं विचारायला ज्या बाई येतात त्या दर वेळी ड्रमवाल्याच्याच आई असतात.

पोटभर उजेड त्याला एकदाच मिळतो, तो दिवसभराच्या महोत्सवात. २०१२ साली बंगळूर ओपन एअर सुरू झालं, जर्मनीच्या क्रिएटरने ते पहिलं वर्ष गाजवलं. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे बंद करायचे असतात, म्हणून असे कार्यक्रम दुपारीच सुरू करावे लागतात. मग तोंडाला पांढरा आणि डोळ्यांभोवती काळा रंग फासून अंधाराच्या राजाला साद घालणारा गायक चारच्या उन्हात डोळे बारीक करून उभा असतो आणि अंधाराचा राजा काही येत नाही. रंग ओघळून गळ्यापर्यंत आलेला. प्रेक्षक झाडाखाली. सगळ्या मैदानात तेव्हा एकच माणूस खुशीत असतो, कारण त्याचा आयएसओ दोनशेवर असतो.

कानांच्या बाबतीत मात्र बोम्मसंद्रा त्याच्या मदतीला येतं. फॅक्टरीतल्या प्रेस शॉपमध्ये कानात घालायला स्पंजाच्या पिवळ्या गुंड्या मिळतात, त्याच तो पिटमध्ये वापरतो. सेफ्टीच्या प्रशिक्षणात त्याला अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब शिकवलेला असतो: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आणि मेटलची तीन गाणी साधारण पंधरा मिनिटांचीच! तीन गाण्यांचा नियम त्याच्या आरोग्यासाठीच केला आहे, असं मी त्याला एकदा सुचवून पाहिलं. नंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

गावाकडे हे सगळं पोचतं ते तुकड्यातुकड्यांनी. मुंबईचा एक नावाजलेला बँड आहे, त्याचं नाव भयानक मौत. एका पिटकराने हौसेने त्यांच्या कार्यक्रमाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘भयानक मौत, काल रात्री.’ पाच मिनिटांत सात जणांची भावपूर्ण श्रद्धांजली, थोरल्या आत्याचा ‘कसं झालं रे?’ आणि धाकट्या काकांचा, न वाचताच, अंगठा. तेव्हापासून त्या गटावर तो फक्त गणपतीचे फोटो टाकतो. उलट डेमॉनिक रिझरेक्शन या बँडच्या साहिल मखिजाविषयी घरात अतिशय चांगलं मत आहे. मंचावर त्याच्या घशातून जो आवाज निघतो तो ऐकून आईने देवघराचा दरवाजा लोटून घेतला होता. पण हाच गृहस्थ यूट्यूबवर हेडबँगर्स किचन नावाचा पाककृतींचा कार्यक्रम चालवतो हे सुनेने दाखवलं आणि पनीरचा एक प्रकार घरी करून झाला, तसं ‘मुलगा तसा वळणाचा आहे’ असा निकाल लागला.

फोटो हलला असेल तर पिटकर फोटोग्राफर पेनी स्मिथची गोष्ट सांगतो. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये द क्लॅशच्या पॉल सायमननने बास गिटार उचलून जमिनीवर आपटली, पेनी स्मिथने तो क्षण टिपला, आणि फोकस नीट नाही म्हणून तो फोटो वापरू नये असं तिचंच मत होतं. बँडने ऐकलं नाही. तोच ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या वेष्टनावर गेला आणि रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंत जाऊन बसला. गोष्ट खरी आहे. अडचण एवढीच, की पेनी स्मिथचा एक फोटो हलला होता आणि आमच्याकडच्या फोल्डरमध्ये असे दोनशे आहेत. शतांश मिलिमीटरसाठी माल परत पाठवणारा माणूस रविवारी सकाळी स्वतःचा एकही फोटो नाकारत नाही. ‘यात एनर्जी आहे,’ म्हणतो.

घरी परतणं हा पूर्वी वेगळाच सोहळा असे. कार्यक्रम शहराच्या उत्तरेला, बोम्मसंद्रा दक्षिणेच्या टोकाला, मध्ये सिल्क बोर्डचा चौक, आणि रात्री बोम्मसंद्रा म्हटलं की टॅक्सीवाला फोन ठेवून देई. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा अशी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. सुमारे एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं, आणि चालकाविना धावू शकणारी गाडी. वेळेत निसटलं तर ती मिळते. पिटकराला तिचं अप्रूप वेगळ्याच कारणाने आहे. ‘काका, डब्यातला प्रकाश बघा. सगळीकडे सारखा. पांढरा. इथे एखादा बँड वाजवेल का?’

पैशांचं काय, हा प्रश्न सासरेबुवांनी विचारून झाला आहे. लहान कार्यक्रमाला मिळतो तो गळ्यात अडकवायचा पास आणि एखादं पेय. मोठ्या कार्यक्रमाला सही करायला कागद मिळतो: फोटो एकदाच, एकाच ठिकाणी छापायचा, विकायचा नाही. त्या सॅकमधल्या ७०-२०० च्या लेन्सचे हप्ते बँड फेडत नाहीत. ते फेडतात बंगळुरातली मराठी लग्नं. मार्गशीर्षापासून पुढे हा बहुतेक रविवारी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात असतो, काळा टी-शर्ट इस्त्री करून, आणि मी सांगतो, त्याच्याइतके चांगले लग्नाचे फोटो काढणारा माणूस या शहरात नाही. मंगल कार्यालयाचा पिवळा दिवा, होमाचा धूर, पुढे मोबाइल उंचावून उभ्या मावश्या, कर्णा फुटेल अशी सनई: त्याला यातलं काहीच नवीन नसतं. अंतरपाट खाली सरकतो आणि अक्षता हवेत असतात, तो क्षण तो १/२५० ला, फ्लॅशशिवाय, अचूक उचलतो.

तेव्हा घरात कार्य निघालं असेल तर बोम्मसंद्र्याचा पिटकर जरूर बोलवा आणि पैसे रोख द्या. जेवायला मात्र आधी बसवा. आणि एक गोष्ट त्याला आधीच बजावून ठेवा, की मंगलाष्टकं आठ असतात. नाहीतर तिसरं संपलं की तो सवयीने सॅक उचलून पार्किंगकडे निघतो.