दिवसाला एक खाडी

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो आणि सगळी गडबड तिथेच सुरू होते. लांबी सुमारे ५०० किलोमीटर. आमच्या भाऊजींनी पाचशेला चाळीसनं भागलं, साडेबारा तास आले, त्यात चहापाण्याचे अडीच तास उदार मनानं मिळवले आणि म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे. आपण पाच घेऊ. लोळत जाऊ." भाऊजी आयटीत आहेत, भागाकार त्यांचा चुकत नाही. मात्र कोकणात भागाकार करताना खाड्या धरायच्या असतात, हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

आता कोकणात खाड्या इतक्या का, तर सह्याद्री समुद्राच्या अगदी उशाशी उभा आहे. इथल्या नदीला कृष्णा-भीमेसारखं चार जिल्हे हिंडायला मिळत नाही. डोंगर उतरून जरा कुठे श्वास घेतला की समोर समुद्र. आंबा, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली, प्रत्येकीनं जाता जाता किनारा कापून ठेवलेला. म्हणूनच मुंबई-गोवा रस्ता किनारा सोडून आतून गेला. किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता न्यायचा हा ध्यास बॅरिस्टर अंतुल्यांचा. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते आणि गाव आंबेत, म्हणजे सावित्रीच्या काठचं. खाडी आडवी आली की माणसाचं काय होतं हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून एकेक पूल होतो आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्या आता पुलावरून ओलांडता येतात. उत्तरेला अजून जंगलजेटीचं राज्य आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाडी बोटीत घालायची, पलीकडे उतरवायची, पुढे निघायचं. बोट समोरून सुटली की पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं. या उभं राहण्याला भाऊजींच्या एक्सेलमध्ये रकाना नव्हता.

कधी जायचं यातच पहिली बैठक संपली. ताईला मे महिना हवा होता, आंब्यांसाठी. मे महिन्यात कोकणात आंब्याइतकाच घामही गळतो, यावर ती म्हणाली, घाम ठाण्यातही गळतो, आंबा फुकट नाही गळत. हिला पावसाळा हवा होता, सगळं हिरवंगार असतं म्हणून. पण जून-जुलैत मासेमारी बंद, जंजिऱ्याच्या होड्या बंद, आणि पावसात कोकणात जाऊन सुकटच खायची तर ती घरीही करता येते. गणपतीत सगळे चाकरमानी रस्त्यावर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी रस्त्यावर नाचत असली की रस्ता तिचा. तिच्यामागे हॉर्न वाजवून पाहण्याचं धाडस कुणीही करू नये. भाच्याला वेळासची कासवाची पिल्लं समुद्रात जाताना रील काढायचं होतं. पण तो हंगाम नेमका त्याच्या परीक्षेचा. शेवटी डिसेंबर ठरला, कारण त्याला कोणाचाच फार जोरदार विरोध नव्हता. महाराष्ट्रात बरेच निर्णय असेच होतात.

दुसरी बैठक जागावाटपाची. गाडी सात जणांची म्हणून विकत घेतलेली असली तरी तिसऱ्या रांगेत माणूस बसत नाही, घडी करून ठेवावा लागतो. गाडी लागते त्यानं पुढे बसायचं, हा आपल्याकडे न लिहिलेला कायदा आहे. हा कायदा उच्चारताच ताईला लहानपणापासून गाडी लागते असं निघालं. हिलाही लागत होतीच, पण ही कधी बोलली नव्हती. भाच्यानं ओवा-लिंबाची गोळी आधीच तोंडात टाकलेली. बाबा म्हणाले, "मला लागत नाही, पण मला रस्ता दिसला पाहिजे." पुढची सीट बाबांना गेली.

मग भाऊजींनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. एक्सेल खरोखर देखणं होतं. मुक्काम पिवळ्यात, देवळं भगव्यात, समुद्रकिनारे निळ्यात, जेवण हिरव्यात. "सात दहा: नाश्ता. सात पस्तीस: प्रस्थान." प्रस्थान हा शब्द आळंदीहून पालखी निघते तेव्हा शोभतो, ताई आंघोळ करून निघते तेव्हा नाही, एवढं मी मनातल्या मनात म्हटलं.

बाबा एवढा वेळ कोपऱ्यात बसून कालनिर्णय चाळत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"जावईबापू, हरिहरेश्वर किती वाजता धरलंत?"

"साडेचार, बाबा. प्रदक्षिणा पाऊण तास. मग सूर्यास्ताला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर."

"त्या दिवशी षष्ठी आहे."

भाऊजींना वाटलं, उपासाचं काहीतरी असेल. त्यांनी जेवणाच्या हिरव्या रकान्याकडे हात नेला.

"उपास नाही हो. तिथीची पाऊणपट करा. सहाची पाऊणपट किती?"

"साडेचार."

"म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. तुमच्या या कागदाप्रमाणे आपण पोहत प्रदक्षिणा घालणार."

हा हिशोब किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. तिथी घ्या, तिला तीननं गुणून चारनं भागा, जी वेळ येईल तेव्हा भरती. पक्ष शुक्ल असो की कृष्ण. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागोमाग सरकते, आणि आपला पंचांगवाला तो चंद्र आधीच तिथीत बांधून ठेवतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकाच्या चिरेतून पायऱ्यांनी खाली थेट समुद्राच्या पुढ्यात उतरते. ओहोटीला तिथे लाटांनी पोखरलेल्या खडकावरची जाळीदार नक्षी निवांत बघत चालता येतं. भरतीला लाट तिथवर येते. तिथून माणसं ओढली गेलेली आहेत, हा विनोदाचा भाग नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही ओहोटीतच चालत जाता येतं, आणि आत रमलेल्या माणसाला परतीला होडी शोधावी लागते.

भाच्यानं लगेच अॅप उघडलं. अॅप आणि बाबा यांच्यात वीसेक मिनिटांचा फरक निघाला. बाबांनी तो अॅपचा दोष मानला.

हरिहरेश्वर सकाळी साडेदहाला सरकलं. त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम सरकला, मुक्काम सरकल्यामुळे जंजिरा सरकला, आणि जंजिरा सरकल्यामुळे पिवळं, भगवं, निळं सगळं एकमेकांत मिसळून टीव्हीवर रंगपंचमी झाली. त्यात बाबांनी शेवटची काडी टाकली. "गुहागरवरून जाताना आत्याकडे उभ्या उभ्या जाऊन येऊ." कोकणात आत्याकडे उभ्या उभ्या जाता येत नाही. आधी पन्हं किंवा कोकम, मग चहा, मग "आता जेवूनच जा", मग जेवण होईपर्यंत वाडी दाखवणं, जेवणानंतर पाठ टेकणं, पाठ टेकून उठल्यावर पुन्हा चहा. भाऊजींनी आत्याला तीस मिनिटं दिली होती. बाबा नुसते हसले.

निघालो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो जाते, तिच्या पोटात गाडी घातली, वर जाऊन वडापाव खाल्ला आणि तासाभरात रायगड जिल्ह्यात उतरलो. इथवर एक्सेल मिनिटा-मिनिटानं खरं ठरत होतं आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर तसं दिसत होतं. मुरूड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन हेही बरं गेलं. हरिहरेश्वरला साडेदहाला समुद्र लांब मागे सरकून बसला होता. बाबांनी खडकावर उभं राहून त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

बागमांडल्याला मात्र शहाण्यासुरत्या ड्रायव्हरची परीक्षा झाली. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा ओला उतार. बोट येते, तिचं लोखंडी फळकूट खणकन उतारावर पडतं, आणि खाकी अर्धी चड्डी घातलेला एक इसम हातानं गिरकी दाखवतो. म्हणजे गाडी फिरवा आणि उलटी आत घाला. भाऊजींच्या गाडीला मागे कॅमेरा आहे, सेन्सर आहेत, एक बाईही आतून इंग्रजीत सूचना देते. उतार, पाणी, फळकूट आणि शेजारच्या मासळीच्या टेम्पोचा टायर हे सगळं एकदम पाहून त्या बाईनं एकच सूर लावला. बाहेरून इसम ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा, डावं! तुमचं डावं!" आतून बाबा, "सावकाश." मागून ताई, "मी उतरते." शेवटी त्या इसमानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग स्वतःच धरलं आणि एका हातानं गाडी टेम्पोपासून वीतभर अंतरावर नेऊन लावली. दुसऱ्या हातात त्याची विडी होती. उरलेल्या फटींत आठ-दहा मोटारसायकली आणि एक हार घातलेली नवरदेवाची गाडी शिरली. भाऊजी रेलिंगला टेकून बराच वेळ सावित्रीच्या पाण्याकडे बघत राहिले. नवरदेव त्यांच्यापेक्षा निवांत दिसत होता.

पुढची हकिगत थोडक्यात. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघताना भाऊजींना चेव आला आणि त्यांनी चांगली हातभर सुरमई घेतली. आमचा मुक्काम मुरूडला, दापोलीजवळच्या मुरूडला, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या गावी होता आणि उतरलो होतो त्या घरी कांद्याचीही परवानगी विचारावी लागत होती. काकूंनी सुरमईकडे न बघता सांगितलं, "ती तेवढी गेटाबाहेर ठेवा. मोदक केलेत." सुरमई शेवटी शेजारच्या वाडीत गेली. मोदक खाल्ल्यावर तिची आठवण कोणी काढली नाही, भाऊजी सोडून.

दाभोळला बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. भाऊजी वैतागले. बोट न घेता गुहागर गाठायचं तर चिपळूणवरून भलामोठा वळसा, म्हणून मुकाट्यानं उभे राहिलो. तेवढ्यात भाच्याला शहाणपण मिळालं, की एन्रॉनचा म्हणून गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प दाभोळला नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. प्रकल्पाचंही असं होतं, मग आमच्या एक्सेलचं काय.

आत्याकडे उभ्या उभ्या गेलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. डिकीत नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड आणि एक सबंध कोहळा. या कोहळ्यासाठी तिसऱ्या रांगेतल्या भाच्याची एक मांडी द्यावी लागली. रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. मुक्काम लांबलेला पाहुणा म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. भाऊजींनी त्याच्या राजवाड्याच्या अंगणात एक्सेल मिटलं.

तिथून पुढे पावस, जैतापूर, विजयदुर्ग असं पुलांवरून सुरसुरत गेलो आणि देवगडला रजा संपली. मालवण, वेंगुर्ले, रेडी, तेरेखोल राहिलं. भाऊजींच्या भागाकाराप्रमाणे ते दोनदा होऊन गेलं असतं.

तुम्ही जाणार असाल तर किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. रत्नागिरीच्या अलीकडे दिवसाला एक खाडी पुरे, हौस फार असेल तर दोन. टाकी तालुक्याच्या गावी भरून घ्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप विरळ आहेत. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगा, आणि सुरमई घेण्याआधी यजमान काय खातात ते विचारा. उत्तरेकडच्या या खाड्यांवरही आता मोठ्या पुलांची कामं निघाली आहेत. ती पुरी झाली की गाड्या वरून निघून जातील. जंगलजेटीनं जायचं असेल तर त्याआधी जा, आणि गाडी चालवणाऱ्याला उतारावर रिव्हर्स घेता येतो की नाही, ते सोसायटीच्या पार्किंगमध्येच बघून घ्या.