अंदमान वजा खर्च

अंदमान कसं वाटलं असं विचारलं, तर आप्पा आकडा सांगतात. समुद्र कसा होता? तर सरकारी बोटीचं तिकीट खासगीच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. किनारा कसा होता? तर शहाळं तिथं घ्यायचंच नाही, दोन गल्ल्या आत जाऊन घ्यायचं. ऐकणाऱ्याला बेट दिसत नाही, पण बचत स्वच्छ दिसते.

लोणी काळभोरात असे आप्पा गल्लीगणिक एक तरी सापडतात. थेऊरचा कारखाना बंद पडला तरी त्यांचा ऊस सुटला नाही. सोलापूर रस्त्याकडेच्या गुंठ्यांचा भाव त्यांना विचारू नये, कारण ते खरा सांगत नाहीत आणि खोटा आपल्याला झेपत नाही. पैसा नाही म्हणून हात आखडणारे निराळे. आप्पांची काटकसर ही हौस आहे.

अंदमानच का, याचंही कारण होतं. लोणीकराला ते बेट दोनच गोष्टींमुळे ठाऊक, सावरकर आणि मान्सून. दर मे महिन्यात पेपरात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते. बाकीचे लोक ती वाचून आभाळाकडे बघतात. आप्पांनी ती वाचली आणि पुतण्याला म्हणाले, “पाऊस आला म्हणजे गिऱ्हाईक पळालं. गिऱ्हाईक पळालं म्हणजे हॉटेलवाला खाली आला. बघ जरा भाव.” शिवाय मान्सून तिथून पुण्याला यायला तीनेक आठवडे घेतो. तेवढ्यात माणूस जाऊन परत येतो आणि पेरणीही चुकत नाही.

आधी त्यांच्या डोक्यात जहाज होतं. चेन्नईहून जहाजानं जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणजे रात्रींचं हॉटेलभाडं तिकिटातच वसूल. पण चेन्नई गाठायची कशी? मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी लोणी स्टेशनातूनच धडधडत जाते, पण थांबत नाही. म्हणजे आधी उलटं पुण्याला जायचं, तिथं गाडीत बसायचं आणि तासाभरात आपल्याच गावाला खिडकीतून नमस्कार करायचा. “पुणे ते लोणी मी दोनदा का भरू?” या प्रश्नावर आप्पा दोन दिवस अडून बसले. शेवटी काकूच म्हणाल्या, “तुम्ही या सावकाश जहाजानं. मी विमानानं पुढं होते. खोलीची किल्ली माझ्याकडं राहील.” मग विमान ठरलं.

विमानात माणशी पंधरा किलो सामान फुकट आणि हातात सात किलो. आप्पांनी हे वाचलं मात्र, चौदा किलो भरणं हा त्यांना एक किलोचा तोटा वाटू लागला. कांद्याच्या वजनकाट्यावर बॅगा चढल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, विजेची किटली, मुगाची डाळ, तांदूळ आणि कपडे वाळत घालायला सुतळी. तरी साडेतीनशे ग्रॅम उरले. तिथं त्यांनी गुळाचा खडा बसवला.

बेटावर उतरल्यावर आप्पांना पहिला साक्षात्कार झाला तो घड्याळाचा. अंदमान पार पूर्वेला, पण वेळ आपलीच. पहाटे पाचला फटफटतं आणि संध्याकाळी सहाच्या आत दिवेलागण. लोक हळहळतात, आप्पा खूश झाले. दिवस लवकर मावळला की खर्चही लवकर मावळतो. सातला किटलीत खिचडी, आठला दिवा बंद.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक २०१८ सालीच स्वराज द्वीप झालं होतं. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला नेणारी खासगी बोट लवकर पोचते, सरकारी रेंगाळत जाते. आप्पांचं म्हणणं, “समुद्र बघायलाच आलोय ना? मग जास्त वेळ दिसतोय, तोही कमी पैशात.” एके दिवशी दर्या खवळला आणि बोट रद्द झाली. बाकीचे प्रवासी डोक्याला हात लावून बसले. आप्पा परताव्याचे पैसे दोनदा मोजून घेऊन आले आणि अख्ख्या सहलीत प्रथमच काकूंना म्हणाले, “मजा आली.”

समुद्राखाली पोहायला नेणाऱ्या पोरानं त्यांना गाठलं. आप्पांनी त्याची सगळी माहिती ऐकून घेतली, नळकांड्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, “म्हणजे पाठीला डबा बांधूनच उतरवता ना? आमच्या विहिरीत आमच्या बापानं फुकट उतरवलं होतं.”

नॉर्थ बे बेटाची फेरीही अशीच हुकली. जुन्या वीसच्या नोटेच्या पाठीवर तिथल्याच दीपगृहाचं आणि माडांचं चित्र असे. आप्पांनी पाकिटातून तशी एक नोट काढली, चष्मा वर केला, मनसोक्त बघितली आणि घडी घालून परत ठेवली. देखावा बघून झाला, वर वीस रुपयेही शिल्लक. २०१९ साली आलेल्या नव्या नोटेवर वेरूळ आहे. त्यावर त्यांचं भाष्य असं की, अंदमान परवडत नाही हे रिझर्व्ह बँकेच्याही लक्षात आलंय.

एवढं सगळं खरं, पण सेल्युलर जेलच्या दारात हा माणूस बदलला. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं जिथं होते, त्या कोठडीसमोर आप्पांनी चपला काढल्या. कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा कोलू बघून काही बोलले नाहीत. माहिती सांगणाऱ्याला त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले, वर चहाला म्हणून आणखी दिले. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं काढताना सुट्टे मोजून घ्यायलाही विसरले. काकूंनी ते गुपचूप उचलले.

लोणीत याचं कुणाला नवल वाटणार नाही. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी पुणे सोडून लोणीच्या मुक्कामाला येते, त्या रात्री आप्पांच्या अंगणात किती पंगती उठल्या हे त्यांनाही माहीत नसतं. पिठलं संपलं तर परत टाका, भाकरी कमी पडल्या तर शेजारून आणा. गॅसची टाकी रिकामी झाली तरी कपाळाला आठी नाही. पुतणीच्या लग्नात मांडव किती लांब घातला हे अजून गावात बोललं जातं. देवाला, देशाला आणि पाहुण्याला दिलेलं आप्पांच्या लेखी खर्चात धरलेलंच नाही. अडतं ते फक्त स्वतःच्या सुखापाशी. आयुष्यभर रात्रीच्या लायटीची वाट बघत उसाला पाणी दिलेल्या माणसाला नुसतं वाळूत पाय सोडून बसायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, हे चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून मग ते त्या सुखाचं काम करून टाकतात. भाव काढायचे, तिकिटं जुळवायची, किटलीत खिचडी शिजवायची. घाम गाळला म्हणजे सुट्टी हक्काची झाली. काकूंना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्या अडवत नाहीत. आप्पा भाव करायला गेले की त्या निवांत समुद्र बघून घेतात.

आता आप्पांनी लक्षद्वीप काढलंय. कोचीहून जहाज किती वाजता सुटतं, शाळांना सुट्टी नसताना गर्दी किती असते, सगळी चौकशी झाली. पुतण्यानं बिचकत सांगितलं, “आप्पा, तिथं जायला आधी परवाना काढावा लागतो. नाकारला तर जाता येत नाही.”

आप्पांनी अर्ज त्याच दिवशी भरायला लावला. म्हणाले, “नाकारला तर सगळेच वाचले.”